अंगणातील वेध आणि छायाचित्राची साक्ष : हौशी खगोलनिरीक्षणाचा ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

खगोलशास्त्राचा इतिहास सामान्यतः मोठ्या वेधशाळांचा आणि त्यांतील मोठ्या दुर्बिणींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. घराच्या अंगणात, परसात किंवा गच्चीवर लहान दुर्बीण मांडून आकाश पाहणाऱ्या हौशी निरीक्षकाला त्यात फारसे स्थान मिळत नाही. मिळालेच तर एखाद्या धूमकेतूच्या शोधापुरते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या हौशी निरीक्षकाच्या हाती स्मार्टफोन आला. दुर्बिणीच्या नेत्रिकेला फोनचा कॅमेरा लावून चंद्रावरील विवरे, गुरूचे उपग्रह, शनीची कडी टिपण्याचा छंद महानगरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी एकमेकांपासून सुमारे एक दशांश अंशावर आले, तेव्हा दोन्ही ग्रह एकाच चौकटीत सामावलेली असंख्य छायाचित्रे अशाच साध्या साधनांनी घेतली गेली.

या छायाचित्रांचे कौतुक होते. इतिहासाचे साधन म्हणून त्यांची परीक्षा मात्र क्वचितच होते. उद्याच्या संशोधकाने त्यांवर विश्वास ठेवावा काय, आणि ठेवावा तर कशाच्या आधारे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. छायाचित्रण खगोलशास्त्रात आले तेच मुळी साक्षीदार म्हणून. निरीक्षकाचा हात आणि डोळा यांना वगळून आकाशाने स्वतःच आपली प्रतिमा उमटवावी, अशी त्यामागची अपेक्षा होती. स्मार्टफोनमध्ये तो वगळलेला हात यंत्राच्या आत शिरून पुन्हा कामाला लागला आहे. म्हणूनच या साध्या वाटणाऱ्या छंदाचा पूर्वेतिहास तपासणे अगत्याचे ठरते.

डोळा, हात आणि वही

गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० पासून गुरूजवळच्या लहान ताऱ्यांची स्थाने रात्रीमागून रात्र रेखाटली. एकेक रेखाटन पाहिले तर एक वर्तुळ आणि काही ठिपके यांपलीकडे त्यात काही नाही. त्याचे सामर्थ्य क्रमात आहे. तारीख आणि वेळ यांच्यासह ठिपके जागा बदलताना दिसतात, म्हणूनच ते गुरूभोवती फिरणारे उपग्रह ठरतात.

अंगणातील निरीक्षणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १३ मार्च १७८१ चे आहे. इंग्लंडमधील बाथ या गावी संगीतशिक्षक म्हणून उपजीविका करणाऱ्या विल्यम हर्शेल यांनी घरामागच्या बागेतून, स्वतः घासून तयार केलेल्या सुमारे सहा इंच व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीने, एक ‘तारा’ पाहिला. वर्धन वाढवले की त्याची चकती मोठी होत होती. ताऱ्याच्या बाबतीत असे होत नाही. हर्शेल यांना तो धूमकेतू वाटला. तो ग्रह आहे हे इतरांनी गणिताने ठरवले, आणि ते ठरवता आले याचे कारण बागेतल्या त्या नोंदी नेमक्या होत्या. ग्रहाला युरेनस हे नाव पुढे रूढ झाले.

वहीची ही परंपरा छायाचित्रणाच्या आगमनानंतरही खंडित झाली नाही, याचे भारतीय उदाहरण विशेष उल्लेखनीय आहे. राधागोविंद चंद्र (१८७८–१९७५) हे बंगालमधील जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखण्या-मोजण्याचे काम करीत. शालेय परीक्षेत त्यांना यश मिळाले नव्हते. तीन इंची दुर्बिणीतून त्यांनी रूपविकारी ताऱ्यांचे, म्हणजे तेज कमी-अधिक होणाऱ्या ताऱ्यांचे, वेध घेण्यास प्रारंभ केला. जून १९१८ मध्ये गरुड नक्षत्रात प्रकटलेला नवतारा त्यांनी पाहिला. अमेरिकेतील रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेने (स्थापना १९११) त्यांना सभासद करून घेतले आणि १९२६ मध्ये सहा इंची दुर्बीण पाठवली. त्यांनी या संघटनेकडे पाठवलेल्या वेधांची संख्या ३७ हजारांहून अधिक भरते. त्यांत छायाचित्र एकही नाही. ताऱ्याचे नाव, वेळ आणि शेजारच्या ताऱ्यांशी ताडून ठरवलेली तेजस्विता, एवढेच. फाळणीनंतर ते पश्चिम बंगालमध्ये आले. ती दुर्बीण पुढे वेणू बाप्पू यांच्यामार्फत कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली.

काचेवरची साक्ष

१८३९ मध्ये डागेरची छायाचित्रणपद्धती जाहीर झाली आणि मार्च १८४० मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राचे छायाचित्र घेतले. जुलै १८५० मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत अभिजित ताऱ्याची प्रतिमा धातूच्या पत्र्यावर उमटली. तथापि खरा पालट घडवला तो कोरड्या जिलेटिन काचांनी. ओली काच वाळण्यापूर्वी काम उरकावे लागे. कोरडी काच तासभर आकाशाकडे रोखून ठेवता येऊ लागली. प्रकाश साठवणे शक्य झाले. मानवी डोळ्याला हे जमत नाही.

या पालटाचा लाभ प्रथम उठवणारे लोक बहुतांशी हौशीच होते, याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ड्रेपर यांचे पुत्र हेन्री हे पेशाने वैद्यकाचे प्राध्यापक. त्यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी आपल्या खाजगी वेधशाळेतून मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. लंडनजवळच्या ईलिंग येथे अँड्र्यू कॉमन या स्वच्छता-अभियंत्याने घराच्या बागेत ३६ इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली होती. १८८३ मध्ये त्यांनी घेतलेल्या याच तेजोमेघाच्या छायाचित्रात, त्याच दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारे उमटले. तोवर छायाचित्राकडून अपेक्षा होती ती डोळ्याला दिसते तेवढे तरी दाखवण्याची. कॉमन यांच्या काचेने डोळ्यालाच दुय्यम ठरवले. बांधकामाच्या व्यवसायातून निवृत्त झालेल्या आयझॅक रॉबर्ट्स यांनी १८८८ मध्ये देवयानीतील ‘तेजोमेघा’ची सर्पिल रचना छायाचित्रात पकडली. ती स्वतंत्र दीर्घिका आहे हे कळण्यास आणखी साडेतीन दशके जावी लागली.

जेऊर आणि तळणी

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून सोलापूर, वऱ्हाड, नागपूर असा पुढे गेला. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही घटना केवळ भौगोलिक योगायोग नव्हती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ पासून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभारलेल्या या वेधशाळेतील २० इंची परावर्ती दुर्बीण त्या वेळी भारतात सर्वांत मोठी होती. तेथील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी करमाळा तालुक्यातील जेऊर येथे तळ देऊन ग्रहणातील सूर्याचा वर्णपट छायाचित्रित केला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही जेऊरलाच उतरली होती. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, आणि तेवढ्यासाठी महिनोन्महिन्यांची तयारी. नायगमवाला यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या निवृत्तीनंतर १९१२ मध्ये वेधशाळाच बंद करण्यात आली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका व्यक्तीबरोबर एक संस्था संपावी, हा अनुभव महाराष्ट्रातील विद्याव्यवहाराला अपरिचित नाही.

वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या १८९० मध्ये स्थापन झालेल्या, मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या संस्थेची तुकडी आली होती. तिच्यात एडवर्ड वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅनी माँडर होत्या. अ‍ॅनी यांनी ग्रीनिच वेधशाळेत गणनेचे आणि सूर्याच्या छायाचित्रणाचे काम केले होते. विवाहित स्त्रीला सरकारी नोकरीत राहता येत नसल्याने १८९५ मध्ये त्यांना ते सोडावे लागले. म्हणजे तळणीच्या माळावर उभी असलेली ही स्त्री नियमांनी ‘हौशी’ ठरवलेली व्यावसायिक होती. तिच्याजवळ दीड इंच भिंगाचा, विस्तृत क्षेत्र टिपणारा छोटा कॅमेरा होता. सूर्याच्या किरीटाचा तोवर छायाचित्रात आलेला सर्वांत लांब किरण या लहान कॅमेऱ्याने टिपला. याच तुकडीतील जॉन एव्हरशेड हे तेव्हा नोकरी सांभाळून सूर्याचा अभ्यास करणारे हौशी होते. १९०७ मध्ये ते कोडाईकनालला आले आणि १९०९ मध्ये सौर डागांतील वायूच्या प्रवाहाचा त्यांनी लावलेला शोध आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

लहान कॅमेऱ्याचे हे यश आकस्मिक नव्हते. फिक्या आणि पसरट वस्तूसाठी दुर्बिणीची लांबी उपयोगी पडत नाही. भिंगाचा व्यास आणि त्याचे केंद्रांतर यांचे गुणोत्तर महत्त्वाचे असते. साधनाचा आकार आणि साधनाची योग्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तळणीच्या काचेने सिद्ध केले. फोनच्या चिमुकल्या भिंगाकडे पाहतानाही हे ध्यानात ठेवावे लागते.

रेघा कोणी काढल्या?

माँडर यांचे नाव आणखी एका प्रकरणात येते, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे. १८७७ मध्ये इटलीच्या शियापारेल्ली यांनी मंगळावर सरळ रेषांचे जाळे पाहिले. अमेरिकेच्या पर्सिव्हल लोवेल यांनी त्या रेषांचे बुद्धिमान प्राण्यांनी खोदलेले कालवे केले. इतर अनेकांना मात्र त्या दिसतच नव्हत्या. १९०३ मध्ये माँडर यांनी जे. ई. एव्हन्स यांच्या साहाय्याने ग्रीनिच येथील शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. मुलांसमोर मंगळासारख्या चकतीचे चित्र ठेवले. त्यात एकही सरळ रेषा नव्हती, होते ते ठिपके आणि वेडेवाकडे डाग. मुलांनी वेगवेगळ्या अंतरांवर बसून ते पाहून काढायचे होते. ठिपके वेगळे दिसणार नाहीत पण पूर्णपणे अदृश्यही होणार नाहीत अशा मधल्या अंतरावरच्या मुलांच्या कागदावर रेघा उमटल्या.

मुले खोटे बोलत नव्हती. अपुऱ्या माहितीतून पूर्ण आकृती जुळवणे हा दृष्टीचा स्वभावच आहे. लोवेल यांनी उत्तरादाखल १९०५ मध्ये छायाचित्रे पुढे केली. ती इतकी लहान होती की ज्याला कालवे पाहायचे होते त्याला ते दिसले, इतरांना दिसले नाहीत. १९०९ मध्ये अँतोनियादी यांनी पॅरिसजवळच्या म्युदाँ येथील ८३ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून पाहिले तेव्हा त्या रेघा विखरून असंख्य लहान डाग झाले.

नेत्रिकेवर फोन

मधल्या काळाचा वृत्तान्त थोडक्यात देता येईल. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत प्रकाशाचे विद्युत्भारात रूपांतर करून तो वाचणारी सीसीडी ही चकती कल्पिली गेली. १९९० नंतर तिच्याहून स्वस्त, कमी वीज खाणारे सीमॉस सेन्सर आले आणि तेच पुढे फोनमध्ये बसले. दरम्यान दुर्बीणही स्वस्त झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोतील वेदान्त सोसायटीच्या मठात दोन तपे राहिलेल्या, आणि दुर्बिणी करण्याच्या नादापायी १९६७ मध्ये मठाबाहेर पडावे लागलेल्या जॉन डॉब्सन यांनी पुठ्ठ्याची नळी व प्लायवूडचे बैठे खोके वापरून मोठ्या आरशाची दुर्बीण सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. महाराष्ट्रात पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (१९४४) आणि मुंबईचे खगोल मंडळ (१९८५) यांनी आकाशदर्शनाची सवय लावली. आयुकाच्या कार्यशाळांतून आरसे घासण्याची कला अनेकांना अवगत झाली. पावसाळ्याचे चार महिने आणि शहरी दिव्यांचा उजेड या दोन अडचणी मात्र कायम राहिल्या.

नेत्रिकेला फोन लावण्याची क्रिया दिसते तितकी सोपी नाही. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी म्हणजे आरशाचा व्यास भागिले वर्धन. १५० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीत ५० पट वर्धन असेल तर तो झोत केवळ ३ मिलिमीटरचा असतो, आणि फोनचे भिंग नेमके त्यावर, नेमक्या अंतरावर धरावे लागते. हाताने ते साधणे कठीण. म्हणून शिकंजा वापरतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे विषुववृत्ताजवळील आकाश सेकंदाला १५ विकला सरकते. १०० पट वर्धनाला आणि ५० अंशांच्या नेत्रिकेला ग्रह दोन मिनिटांत क्षेत्र ओलांडून जातो. त्यामुळे जाणता निरीक्षक एकच छायाचित्र न घेता चलचित्रण करतो, त्यातील वातावरण स्थिर असतानाच्या चौकटी निवडतो आणि संगणकावर त्यांची सरासरी काढतो. शंभर चौकटी एकत्र केल्या की प्रतिमेतील कणीदार गोंधळ एक दशांशावर येतो. (सूर्याच्या बाबतीत दुर्बिणीच्या तोंडाशी योग्य गाळणी नसेल तर फोन आणि डोळा दोन्ही क्षणात जातात, हे येथे नमूद केलेले बरे.)

दुर्बिणीशिवायही फोन आकाश टिपू लागला. २०१९ मध्ये गुगलच्या एका फोनने प्रत्येकी १६ सेकंदांपर्यंतच्या १५ चौकटी जोडून चार मिनिटांचे उद्भासन साधले. ही किमया असली तरी तिच्यात लबाडी नाही. जोडलेला प्रत्येक प्रकाशकण त्या रात्रीचा, त्या आकाशातला असतो. कॉमन यांच्या काचेचेच ते गणिती रूप आहे.

मार्च २०२३ मध्ये उद्भवलेला वाद मात्र वेगळ्या जातीचा होता. एका वापरकर्त्याने चंद्राची मुद्दाम धूसर केलेली प्रतिमा संगणकाच्या पडद्यावर ठेवली आणि अंधाऱ्या खोलीत दुरून सॅमसंगच्या फोनने तिचे छायाचित्र घेतले. पडद्यावर नसलेले तपशील फोनच्या छायाचित्रात होते. चंद्र ओळखून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तपशील उठावदार करणारी ही सोय असून ती बंद करता येते, असे कंपनीने स्पष्ट केले. वैज्ञानिक पद्धतीच्या अभ्यासकाला येथे १९०३ ची ग्रीनिचची शाळा आठवल्यावाचून राहत नाही. प्रयोगाची रचना तीच आहे: ज्यात तपशील नाहीत असे चित्र पुढे ठेवायचे आणि दुरून पाहणारा काय काढतो ते तपासायचे. मधल्या बाकावरची मुले आणि खिशातला फोन दोघांनीही, दिसायला हवे असे जे वाटले, ते भरून काढले.

सरासरी काढणे आणि पूर्वस्मरणातून भरणे यांतील हा भेद हौशी निरीक्षकांच्या चर्चेत बहुधा पुसट राहतो. चंद्र आपल्याला सदैव जवळजवळ एकच बाजू दाखवतो, तेव्हा भरलेला तपशील बहुतेक वेळा ‘बरोबर’च असणार, असा बचाव करता येईल. पण निरीक्षणाचे प्रयोजनच त्यामुळे बाद होते. २१ जानेवारी २०१९ रोजी खग्रास चंद्रग्रहण चालू असताना चंद्रावर एक उल्का आदळली आणि क्षणभर ठिणगी चमकली. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या चित्रणांत ती सापडली. ठिणगी हा अनपेक्षित तपशील होता. चंद्र कसा दिसतो हे आधीच ठाऊक असलेल्या यंत्राने तो पुसून टाकला असता तर कोणाला कळलेही नसते.

अस्सल आणि बखर

मराठी इतिहाससंशोधनाला या चर्चेची परिभाषा बाहेरून आणण्याची गरज नाही. ज्या वर्षी जेऊर आणि तळणी येथे काचा उघडल्या गेल्या त्याच वर्षी, १८९८ मध्ये, वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. बखरीपेक्षा समकालीन अस्सल पत्राला अधिक प्रामाण्य देण्याचा आग्रह त्यातून रुजला. बखर रसाळ असते, सलग असते, प्रसंग डोळ्यांपुढे उभा करते. पत्र तुटक, डागाळलेले, कधी अर्धे फाटलेले. तरीही मिती आणि ठिकाण असलेले पत्र साक्ष देते. फोनने सजवलेला चंद्र ही बखर आहे आणि सेन्सरवरून जशीच्या तशी उतरवलेली, कणीदार, फिकट चौकट हे पत्र आहे. अर्थात उपमा ताणू नये: काही फोनमधील तथाकथित कच्ची प्रतही अनेक चौकटी जोडून झालेली असते. शिवाय बखर टाकाऊ नसते. ती लिहिणाऱ्या काळाच्या मनाची साक्ष देते. सजवलेली चंद्रचित्रेही एकविसाव्या शतकाला आकाश कसे दिसावेसे वाटत होते ते पुढे सांगतील.

अडचण अशी की आज पत्रेच जपली जात नाहीत. छायाचित्र मित्रमंडळींच्या गटात व्हॉट्सअॅपवर पाठवले की ते आकुंचन पावते आणि वेळ, उद्भासनकाल, फोनचा प्रकार ही फाइलमध्ये आपोआप लिहिलेली माहिती बहुधा गळून पडते. मागे उरते ते मिती नसलेले चित्र. महाविद्यालयांचे चित्र याहून वेगळे नाही. अनेक महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र वा भूगोल विभागांत दुर्बीण असते, ग्रहणाच्या निमित्ताने आकाशदर्शनाचा कार्यक्रम होतो, त्याचा अहवालही लिहिला जातो. त्या अहवालात प्रमुख पाहुण्यांचे नाव आणि उपस्थितांची संख्या असते. किती वाजून किती मिनिटांनी, कोणत्या दुर्बिणीतून, काय दिसले ते बहुधा नसते. जेसोरच्या खजिन्यातील त्या कारकुनाच्या एका रात्रीच्या नोंदीत याहून अधिक माहिती आहे.

नोंद ठेवण्यास फार खर्च येत नाही. फोनचे घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर असते. नायगमवाला यांच्या काळी ही चैन होती. दुर्बिणीचा व्यास, नेत्रिकेचे केंद्रांतर, ठिकाण, आकाशाची स्थिती, सुधारणा करणाऱ्या सोयी चालू की बंद, आणि न सजवलेली मूळ फाइल, एवढ्यावर एखाद्या महाविद्यालयाची दहा वर्षांची नोंदवही उभी राहू शकते. गुरूचे पट्टे, चंद्रग्रहणातील छायेचा रंग, गावातून दिसणाऱ्या सर्वांत फिक्या ताऱ्याची प्रत, हे सारे तिच्यात येऊ शकते. शेवटची बाब तर शहरीकरणाच्या इतिहासाचेही साधन ठरेल.

अशा नोंदीचे मोल किती असू शकते, याची दोन उदाहरणे अलीकडची आहेत. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील मरमबेटमन येथे अँथनी वेस्ली या संगणक-व्यावसायिकाने घराच्या आवारातील साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूवर एक नवा काळा डाग टिपला. गुरूवर काहीतरी आदळल्याची ती खूण होती आणि हवाईतील नासाच्या दुर्बिणीने तिला दुजोरा दिला. तो डाग नवा आहे हे वेस्ली ओळखू शकले, कारण त्या भागाची आधीची चित्रे त्यांच्या परिचयाची होती. दुसरे उदाहरण अर्जेंटिनातील रोसारियो या शहराचे. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री व्हिक्टर बूसो हे कुलपे दुरुस्त करणारे गृहस्थ घराच्या गच्चीवरील ४० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीवर नवा कॅमेरा लावून पाहत होते. एनजीसी ६१३ या दीर्घिकेच्या छोट्या-छोट्या चौकटी ते घेत होते. आरंभीच्या चौकटींत विशेष काही नव्हते. मध्ये थोडा खंड पडला, आणि नंतरच्या चौकटींत एक ठिपका उमटून उजळत गेला. अतिनवताऱ्याचा स्फोट पृष्ठभागावर फुटतानाचा तो प्रकाश होता. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या लेखकांत बूसो यांचे नाव आहे. उजळण्याचा वेग ठरवताना संशोधकांनी प्रत्येक चौकटीची वेळ आधाराला घेतली, आणि ठिपका नसलेल्या सुरुवातीच्या चौकटीही बूसो यांनी पुसल्या नव्हत्या.